उलट्या हाताचं पेडल

नोकरीत होतो तोवर मी कधी दमलो नाही. बत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. आमच्याकडचे नट एवढाले असायचे की उन्हाळ्यात त्यांच्या सावलीत बसून आम्ही डबा खायचो. पाना उचलायला चौघं लागायचे आणि पाचवा "हं, उचला" म्हणायला. तो पाचवा बहुतेक वेळा मीच. दमलो तो रिटायर झाल्यावर, आणि तेही एका सायकलीपायी.

सायकल मुलीची. बोटभर जाड नक्षीचे टायर, पुढे शॉकअप, आणि गिअर इतके की प्रत्येकाला एकदा वापरायचं म्हटलं तरी वर्ष जाईल. दर रविवारी मुलगी भोपाळच्या आनंद नगरातून निघते, मिसरोदच्याही पलीकडे कुठल्याशा दगडधोंड्यांतून ती सायकल हाणते आणि अंगावर अर्धा मध्य प्रदेश घेऊन घरी येते.

एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "बाबा, पेडल मारलं की कट् कट् वाजतंय. बघता का? नाहीतर दुकानात टाकते."

त्या 'नाहीतर'मुळे मी ताडकन उठलो. आमच्याकडे हल्ली नळ गळला की बायको मोबाइलवर बोट फिरवते आणि मी चष्मा शोधेपर्यंत एक टी-शर्टवाला येऊन, काम उरकून, पाणी पिऊन गेलेला असतो. मिक्सर गेला, गीझर गेला, पंखे गेले. म्हणजे चालू आहेत सगळे, माझ्या हातून गेले. ही सायकल तेवढी उरली होती. ती दुकानात गेली की मी घरात फक्त दुधावर लक्ष ठेवायला.

"दुकानात कशाला? मी काय मेलोय?" असं म्हणून मी पान्यांची पेटी काढायला पलंगाखाली शिरलो. ती मागून आणखी काहीतरी सांगत होती, उभं राहून चालवलं की असं, बसून चालवलं की तसं.

"ऐकताय ना, बाबा?"

"ऐकतोय," मी पलंगाखालून म्हणालो.

पहिल्या दिवशी चेन रॉकेलने धुतली, वाळवली, तेल घातलं. गल्लीत फिरवून आणली. कट्. दुसऱ्या दिवशी गिअरची तार ओढून बसवली, चाकाचे स्पोक एकेक दाबून पाहिले. कट्. तिसऱ्या दिवशी हँडलचे बोल्ट आवळले. आवाज आता असा झाला होता की समोरच्या भाभी गॅलरीत येऊन विचारत होत्या, "भाईसाहब, इतने पापड़ कौन तोड़ रहा है?"

चौथ्या दिवशी मी ठरवलं, दोष पेडलच्या आट्यांत. पेडल काढायचं, आटे पुसायचे, ग्रीस लावून परत बसवायचं. आता पेडलचं एक आहे. उजवं सरळ खुलतं, डावं उलटं. इथे भोपाळात डाव्या हाताला उलटा हातच म्हणतात, आम्हीही घरात तेच म्हणायला लागलोय, त्यामुळे हे विसरणं शक्यच नाही. उलट्या हाताचं उलटं. झालं. मी सायकल सीटवर उलटी उभी केली, मागच्या चाकामागे जाऊन उभा राहिलो आणि माझ्या उलट्या हाताचं पेडल उलटं फिरवायला लागलो.

हलेना. पान्यात पाइप घातला. त्या पाइपवर मी असा लटकलो की सायकल जागेवर राहिली आणि आनंद नगर फिरलं. मग दुसऱ्या बाजूचं धरलं. तेही हलेना. दोन तासांनी बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, सायकल पालथी आहे ना? मग तिचा डावा हात तुमच्या उजवीकडे नाही का येणार?"

चहा मी उभ्यानेच प्यायलो. दोन तास मी दोन्ही पेडलं खोलत नव्हतो, आवळत होतो. आता बरोबर दिशेने लटकलो तरी काही उपयोग नव्हता. शनिवारी मुलगी फक्त म्हणाली, "उद्या मला जायचंय. चला दुकानात." ती सायकलवर, मी मागे स्कूटरवर. शिवाजी नगरपर्यंत तो कट् कट् माझ्या पुढे चालला होता.

दुकानदाराने चक्कर मारली, आवाज ऐकला, पेडलला पाना लावला आणि थांबला. "ये किसने कसी है?"

"पिछली दुकान वाले ने," मुलगी म्हणाली.

"उसको बोलो दुकान बंद कर दे, भजिए तले."

मी मान डोलावली. चेहरा गोडच ठेवून मुलगी मला मराठीत म्हणाली, "बाबा, मान नका डोलवू. तुमच्याबद्दल बोलतोय तो."

तो आणि शेजारचा चहावाला असे दोघं पाइपवर लोंबकळले तेव्हा पेडलं सुटली. ग्रीस लागलं, परत बसली. पुन्हा चक्कर. कट्.

मग त्याने तिला विचारलं, "दीदी, खड़े होके चलाओ तब भी आती है क्या?"

"नहीं. सिर्फ बैठने पे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी ती हेच सांगत होती, आणि मी पलंगाखाली होतो. त्याने सीटची नळी उपसून काढली. आत हळदीसारखी बारीक धूळ. पुसली, ग्रीस लावलं, बसवली. पाच मिनिटं. आवाज गेला.

"महीने के महीने ले आया करो," तो म्हणाला, "अपन देख लेंगे."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "घर पे हैं देखने वाले," ती म्हणाली, आणि लगेच मराठीत, "फक्त त्यांनी आधी ऐकून घ्यावं."

"क्या बोलीं?" त्याने मला विचारलं.

"शुक्रिया बोल रही है," मी म्हणालो.

घरी येऊन मी पायरीवर बसलो. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं दुखत होतं. सायकल भिंतीला लावताना ती म्हणाली की मागचा ब्रेकही घासतोय. मी विचारलं, कधी? उतारावर की सपाटीला? चिखलातून आल्यावर की कोरड्यातही? ती शेजारी बसली आणि सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. पान्यांची पेटी आत होती, आणि उठून ती आणायचं त्राण माझ्यात नव्हतं.