टॉयलेट काढलं की ट्रेलर हलका होते

मंडळी, आज ट्रेलर पाहायले गेलो होतो. गाडीमागं जोडून न्यायचं छोटंसं घर.

ऑपरेशन झाल्यापासून बायकोले घडीघडी बाथरूमले जा लागते. एकदा ट्रेनमध्ये बाथरूमच्या रांगेत उभ्याउभ्याच तिची फजिती झाली. तेव्हापासून चार वर्षं ती रायपूरहून वर्ध्याले माहेरी गेली नाही. तिची आई फोनवर रोज विचारते, "कधी येतं वं बाई?"

नवा रायपूरजवळच्या वर्कशॉपमध्ये बायकोनं सर्वात आधी ट्रेलरमधल्या बाथरूमचं दार उघडून पाहिलं. किती दिवसांनी हसली!

मिस्त्रीनं आमची एसयूव्ही पाहून मान हलवली. "भैया, इतना वजन ये नहीं खींचेगी. हल्का चाहिए तो टॉयलेट और पानी की टंकी निकालनी पड़ेगी."

"अरे, त्याच्याचसाठी तर घेऊन राहिलो ना!" मी मराठीतच ओरडलो. त्याले काय समजणार?

घरी आल्यावर बायकोनं भरून ठेवलेल्या बॅगेतून लुगडं काढलं, आईसाठी गोल बाजारातून घेतलेलं.

"अवो, हे कुरिअरनं पाठवून द्या."

मंडळी, सोबतच्या चिठ्ठीत मी काय लिहू?