लग्नातलं अपसव्य

समोरच्याच्या खांद्याकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "खांदा बघा." गुरुजींचं बोलणं असंच सुरू व्हायचं. नमस्कार वगैरे नंतर, आठवला तर.

पार्ल्यातल्या कितीतरी घरांची लग्नं, मुंजी, श्राद्धं ते करायचे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याच्या हातून आयुष्यात चूक झालेली नसते आणि जो इतरांना ते विसरू देत नाही. माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी उपरणं नेहमीसारखं डाव्या खांद्यावर घेऊन बसलो. पितरांच्या कामात ते उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य, घेतात. गिरणीत जन्म गेलेल्या माणसाचा मी मुलगा, मला हे कोण शिकवणार? गुरुजी गावाहून आलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "वडिलांना पाणी द्यायला बसलात की बोहल्यावर चढायला?" सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली.

ते हसू मी जपून ठेवलं.

साकीनाक्याला माझं गोदाम आहे. शूटिंगचे कपडे आणि भांडीकुंडी मी भाड्याने देतो. भटजी, मौलवी, पाद्री, सगळे एकाच दांडीवर टांगलेले. एका विनोदी सिनेमाला लग्न लावायला खराखुरा भटजी हवा होता. मी गुरुजींचं नाव दिलं.

ते गोदामात आले, दांडीकडे बघत उभे राहिले. यातलं सगळ्यात जास्त काय जातं, असं त्यांनी विचारलं.

"भटजी."

"आमचाच माणूस बावळट दाखवायचा, हे ठरवून चाललंय. बाकीच्यांना हात लावायची छाती नाही कुणाची."

"लोकांच्या ओळखीचा असतो, गुरुजी. घरी येऊन ओरडून गेलेला असतो."

टोमणा त्यांना कळला नाही. म्हणाले, म्हणूनच मी करतो. निदान विधी तरी बिनचूक दिसेल. सिनेमात त्या भटजीचं काय होणार ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

शूटिंगला त्यांनी सगळं चोख केलं. पडद्यावर त्यांच्या मंगलाष्टकांच्या जागी उचक्यांचा आवाज भरला होता. तेही त्यांनी सोसलं असतं. पण हिरोला आपला एकच गाल पसंत, म्हणून ते अख्खं दृश्य नंतर आरशातल्यासारखं उलटं केलं होतं. गुरुजींचं जानवं उजव्या खांद्यावर, अक्षता डाव्या हातात. लग्नात अपसव्य.

पार्ल्यात बोंब झाली. एका संघटनेचे लोक त्यांच्याकडे आले, धर्माचा अपमान झालाय, तक्रारीवर सही करा म्हणाले. गुरुजी म्हणाले, उचक्या राहू द्या, आधी जानवं उलटं दिसतंय ते लिहा. त्या लोकांना त्यात रस नव्हता. पैशासाठी धर्म विकलात, असं सुनावून ते गेले. मग ठरलेली लग्नं मोडली नाहीत, फक्त गुरुजी बदलले.

शेवटी ते माझ्याकडे आले. या वेळी नमस्कार आधी केला.

"लग्नाच्या दृश्यात तुमचं तांब्याचं घंगाळ होतं, त्याला कडीच्या उजवीकडे पोचा आहे. पडद्यावर तो डावीकडे दिसतो. ते घेऊन रविवारी आमच्या पुरोहित मंडळाच्या बैठकीला चला. दोन मिनिटं. दृश्य उलटं केलंय हे सिद्ध होईल."

मला ते सिनेमा लागला त्याच दिवशी दिसलं होतं. स्वतःचा माल मी अंधारातही ओळखतो.

मी म्हणालो, आधी माझ्या घरी या. श्राद्धाला आलेल्या त्याच नातेवाइकांना बोलावतो. त्यांच्यासमोर त्या बोहल्याच्या बोलण्याबद्दल माझ्या आईची माफी मागा.

"येतो," ते म्हणाले. "कधी येऊ?"

इतक्या पटकन हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी माल दिलेला नाही.

"घंगाळ शूटिंगला गेलंय, गुरुजी."

ते त्यांच्या पायाशीच होतं, आत दोऱ्यांची गुंडाळी टाकलेलं. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले आणि जिना उतरले.

रविवारी ते बैठकीत एकटेच उभे राहिले. पोचा, कडी, डावं, उजवं असं समजावत राहिले आणि लोक हसत राहिले, असं ऐकलं. आता पार्ल्यात त्यांना कुणी बोलावत नाही. त्यांची खोली बंद असते. कुठे गेले, मी विचारलं नाही.

शनिवारीच मी तांबटाला बोलावून पोचा काढून घेतला होता. घंगाळ आता दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं.