किम मॅडमचं दुसरंच करिअर

आता कुठून सुरुवात करू, सांगा! घरच्या घरी माती खाल्ली असती तर तोंड पुसून गप्प बसलो असतो. मी खाल्ली ती अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या भरल्या सभागृहात, माईक हातात धरून.

आमची ईरा मुलांच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. चेलो म्हणजे ते बसून वाजवायचं मोठ्ठं व्हायोलिन. आमच्या गाडीत पुढची सीट त्याची, बायको मागे! या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टर किम मॅडम. कोरियन, कडक शिस्तीच्या. पुढच्या कॉन्सर्टचा सोलो कुणाला द्यायचा ते त्याच ठरवणार, आणि ईरा त्यासाठी चार महिने घासत होती.

यंदाच्या कॉन्सर्टआधी मॅडमच्या करिअरची ओळख करून द्यायला एक पालक हवा होता. मी हात वर केला. का केला? अहो, खाज! दुसरं काय!

"बाबा, प्लीज डोन्ट," ईरा म्हणाली.

"अगं, तुझंच इम्प्रेशन पडेल!"

"मग मॅडमकडूनच माहिती मागून घे ना सरळ," बायको म्हणाली.

"त्यांना कशाला त्रास? नेटवर सगळं असतं यार!"

केलं सर्च. मॅडमचं पूर्ण नाव, पुढे 'कंडक्टर'. पहिलीच लिंक उघडली आणि मी थक्क! सोलमध्ये इंजिनियरिंग, अमेरिकेत पीएचडी, मग वीस वर्षं सेमीकंडक्टर चिप्सवर संशोधन, पेटंटवर पेटंट. संगीताचा कुठे उल्लेखही नाही.

शंका नाही आली? कशी येईल! आमच्या इथल्या मराठी मंडळात तबला वाजवतो तो डेटाबेसवाला, नाटक बसवते ती क्लाउडवाली. म्हटलं, बाई दिवसा चिप्स करतात, संध्याकाळी काठी फिरवतात. संगीत हेच एखाद्याचं अख्खं करिअर असू शकतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही! आणि कोरियात किम म्हणजे आपल्याकडचे पाटील, गल्लोगल्ली, हे तरी कुणी सांगायचं होतं मला!

तर मी वाचलं. दणक्यात वाचलं. "तुमच्या खिशातला फोन चालतो तो या बाईंमुळे!" हे वाक्य माझ्या पदरचं. मॅडम स्टेजवर ताठ उभ्या, चेहऱ्यावरची रेषा हलेना. मला वाटलं, केवढा हा विनय!

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक कोरियन आजोबा उठले. शेजारचा माणूस त्यांना कानात भाषांतर करून सांगत होता. आजोबा टाळ्या वाजवू लागले, डोळ्यांत पाणी. मग काय, अख्खं सभागृह उभं! मला चेव आला. मी आणखी दोन पेटंटं ठोकून दिली.

मॅडमनी शांतपणे माईक घेतला.

"हे माझे वडील. मी इंजिनियर झाले नाही म्हणून तीस वर्षं माझ्यावर रुसलेत. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या." मग माझ्याकडे वळल्या. "पण त्या चिप्सवाल्या किम दुसऱ्याच कुणीतरी आहेत."

हशा? अहो, छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं! आजोबांना भाषांतर पोचलं आणि ते हळूच खाली बसले. ते मात्र मला बघवेना. स्वतःचीच इतकी चीड आली म्हणून सांगू!

कॉन्सर्ट संपल्यावर मॅडमना गाठलं. "सॉरी मॅडम. माझ्या चुकीची शिक्षा ईराला नको. तिचा सोलो..."

"सोलो वाजवून मिळतो. वडिलांच्या भाषणानं मिळत नाही, आणि जातही नाही. मंगळवारी ऐकेन मी तिला."

मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही स्वतः काय काम करता?"

कुठल्या तोंडानं सांगणार? संध्याकाळभर माझ्याशी अबोला धरलेली ईरा तेव्हा पुढे झाली.

"बाबा इज अ सॉफ्टवेअर टेस्टर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार मिळतो त्याला!"