टाइमआउट टेबलाकडे मागावा

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा सामानातून माझी शिट्टीही आली. पुण्यात मी बरीच वर्षं बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहत होते. इथे सॉल्ट लेकमधल्या एका हौशी महिला स्पर्धेत रविवारी तेच काम मिळालं.

त्यातल्या एका उपांत्य सामन्यात एका संघाचे प्रशिक्षक बालीगंजचे क्रीडाशिक्षक होते. दुसऱ्या संघाचे, फौजेतून निवृत्त झालेले आमच्याकडचे सुभेदार. गणेशोत्सवात आमची ओळख झाली होती. ते मला ताई म्हणत. त्यांच्या पत्नीने मला एकदा मेतकूट पाठवलं होतं.

सामना संपत आला होता. सुभेदारांचा संघ एका गुणाने मागे आणि चेंडू बालीगंजकडे. मी बाकाजवळून धावत असताना सुभेदार म्हणाले, "ताई, टाइमआउट द्या की."

टाइमआउट, म्हणजे मिनिटभराचा थांबा, पंचाकडे मागायचा नसतो. प्रशिक्षकाने तो गुणलेखकाच्या टेबलाकडे मागायचा, खेळ थांबला की गुणलेखकाने हूटर वाजवायचा, आणि मग पंचाने शिट्टी मारून द्यायचा. चुरशीच्या सामन्यात हे सगळेच विसरतात. पंचाला विसरून चालत नाही.

"माझ्याकडे नाही, टेबलाकडे मागा," मी म्हटलं. धावपळीत मराठीतच म्हटलं.

ते टेबलाकडे गेले. तिथे कॉलेजातली एक मुलगी गुण लिहीत होती. सुभेदार समोर येऊन हाताने खूण करून उभे राहिल्यावर ती गडबडली आणि तिने लगेच हूटर दाबला. खेळ अजून चालू होता. बालीगंजची खेळाडू हूटर ऐकून थांबली आणि सभ्यपणे चेंडू माझ्याकडे द्यायला लागली. सुभेदारांच्या संघातली एक बुटकी मुलगी मात्र थांबली नाही. तिने तो चेंडू मधल्यामध्ये काढून घेतला, एकटीच पळत गेली आणि बास्केट केली.

हूटरने खेळ थांबत नाही, शिट्टीने थांबतो. मी शिट्टी मारली नव्हती. मी दोन गुण दिले. देताना बरं वाटलं नाही, पण नियम तसाच आहे. सामना तिथेच संपल्यात जमा होता.

क्रीडाशिक्षक माझ्याकडे आले. "दीदी, उनी की बोल्लेन?" सुभेदार मराठीत काय म्हणाले, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"टाइमआउट मागत होते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"टेबलाकडे मागा म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी तक्रार केली. आयोजकांनी नियमाचं पुस्तक उघडलं, निकाल कायम ठेवला आणि सगळ्यांना चहा पाजला. अंतिम सामन्याला त्यांनी दुसरा पंच नेमला. त्या पंचाला मराठी येत नव्हती. मला ते पटलं.

पुढे एकदा सुभेदार आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे जेवायला आले. मी विचारलं, "तेव्हा टाइमआउट कशाला हवा होता तुम्हाला?"

"त्या बुटकीला बाहेर बसवायचं होतं," भाकरी मोडत ते म्हणाले. "त्या दिवशी कुणाचं म्हणून ऐकत नव्हती."

"मग नंतर सांगितलंत का तिला?" पत्नीने विचारलं.

"आता कसं सांगणार? कप्तान केलंय तिला."

त्यांनी आमटी मागितली. मी वाढली.