तिसऱ्या गिअरची परीक्षा

नील आणि ईरा,

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एक जुना डिझेल पिकअप टेम्पो पसंत केला, आणि त्यात एकही मांजर जखमी झालं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या मिलिंदकाकाने सांगितलेल्या गोष्टीत मांजर होतं, पोलीस होते आणि मी टेम्पोसकट समुद्रात उतरले होते. काकाची गोष्ट दर दिवाळीला थोडी फुगते. तीच खरी धरून तुम्ही मोठे होण्याआधी खरं काय घडलं ते तुमच्याकडे असावं, म्हणून हा खटाटोप.

टेम्पो हवा होता सुजाताकाकूला. काळाचौकीला तिच्या वडिलांचा खुर्च्या-टेबलं भाड्याने देण्याचा धंदा होता. ते गेल्यावर तिने तो नेटाने चालवला, पण स्वतःची गाडी नव्हती. त्या वर्षी ऐन लग्नसराईत भाड्याचा टेम्पो परळच्या पुलावर बसला (बसला म्हणजे अगदी मांडी घालून!) आणि दादरच्या एका हॉलमध्ये लग्न लागायची वेळ झाली तरी खुर्च्या पोचल्या नाहीत. मंगलाष्टकांना सगळे उभेच असतात, त्यामुळे तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. बोंब झाली ती पंगतीच्या वेळी.

हॉलचा मॅनेजर म्हणाला, "ताई, येत्या रविवारी स्वतःची गाडी घेऊन वेळेवर आलात, तर पुढचा सगळा मोसम तुमचा. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

नवी गाडी परवडणारी नव्हती. "जुनी घेऊ," मी म्हणाले, "पण नीट बघून."

"नीट म्हणजे किती नीट, आई?" मिलिंदने घाबरून विचारलं. (त्याच्या लग्नाच्या वेळीही मी हेच म्हणाले होते. तेव्हा आम्ही सतरा मुली पाहिल्या.)

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलाही विषय आधी वाचून घ्यायचा ही माझी सवय. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचं. पुट्टी भरून वर रंग मारलेल्या पत्र्याला लोहचुंबक चिकटत नाही. घरात चुंबक एकच होता, तुम्ही पाठवलेला फ्रिजवरचा कांगारू. तो मी पर्समध्ये टाकला.

लालबागच्या गॅरेजमधला पहिला टेम्पो आरशासारखा चमकत होता. "एका डॉक्टरीणबाईंची गाडी आहे आजी. घर ते दवाखाना, बस!" गॅरेजवाला म्हणाला.

"टेम्पोने?" मी विचारलं, आणि कांगारू दारावर लावला. तो पडला. बॉनेटवर लावला, घरंगळला. त्या गाडीत लोखंड नेमकं कुठे होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही! दुसऱ्या टेम्पोने सुरू होताच इतका निळा धूर सोडला की मागे उभे असलेले तुमचे आजोबा दिसेनासे झाले. "मी इथेच आहे," असं ते आतून सांगत होते.

असं करता करता शुक्रवार उजाडला. त्या सकाळी आम्ही वरळी कोळीवाड्यात हिराबाईकडे गेलो. तिचा मासळीचा धंदा. मुलाने मोठी गाडी घेतली म्हणून हा पिकअप काढायचा होता. मुलगा बोटीवर गेलेला, त्यामुळे व्यवहार हिराबाईशीच. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीने मिटावं. टेम्पो गल्लीच्या टोकाला उभा होता, तोंड समुद्राकडे. त्याच्यापुढे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, जोडीजोडीने, अगदी शिस्तीत. मला ते बघूनच बरं वाटलं.

कांगारू दाराला टक्कन चिकटला! मी तो बॉनेटवर, छपरावर, चाकांच्या वर सगळीकडे लावत सुटले.

"काय गो बाय, काय लावतेस तिला?" हिराबाईने विचारलं.

"तपासतेय."

"ताप नाय तिला!"

इंजिन गार होतं, पहिल्या चावीला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. सुजाता माझ्या कानाशी लागली, "आई, घेऊन टाकू या ना!"

हिराबाई म्हणाली, "घ्यायची तर आत्ता बोल. दुपारी उरणचा माणूस येतोय. त्याला चुंबक-बिंबक नाय लागत."

इथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "एकच परीक्षा राहिली."

परीक्षा सोपी होती. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. गाडी जागच्या जागी बंद पडली तर क्लच चांगला, नाही पडली तर क्लच गेलेला. मी वाचलं होतं त्यात एवढ्या दोनच शक्यता दिल्या होत्या. तिसरी आमच्यासाठी राखून ठेवली होती.

स्टिअरिंगवर मिलिंदला बसवलं. त्याच्याकडे लायसन्स होतं, पण ते ज्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मिळालं, तिथे क्लच शेजारी बसलेले मास्तरच दाबायचे. त्यानंतर ऑफिसची गाडी मिळाली ती ऑटोमॅटिक.

"हळू सोड हं," मी खिडकीतून म्हणाले.

त्याने पाय एकदम उचलला. गाडीने बेडकासारखी एक उडी मारली, दुसरी मारली, बोंबलांच्या दोऱ्यांत घुसली आणि मग बंद पडली. क्लच उत्तम होता. हँडब्रेक नव्हता.

"क्लच पास!" मी आनंदाने म्हणाले. (ही बोलायची वेळ नव्हती.)

"पास?" हिराबाई कडाडली. "आणि माजे बोंबील? नाय द्यायची गाडी तुमाला! काढा ती बाहेर नि चालायला लागा!"

आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या. सुजाताच्या चेहऱ्यावर मला सबंध रविवार दिसला. मी ठरवलं, ही गाडी घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. पूर्ण गल्ली रिव्हर्समध्येच काढायला हवी होती. मिलिंद खाली उतरला आणि त्याने चावी माझ्या हातात दिली. "आई, माझ्याच्याने नाही होणार." सुजाता स्कूटरवाली. आजोबांची मजल सायकलपर्यंत. उरले मी. लग्नाआधी गिरगावात वडिलांच्या मोटारीवर मी चांगली शिकले होते. त्या मोटारीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा, हे मात्र मला सीटवर बसल्यावर आठवलं.

पदर खोचला. गिअरच्या मुठीवरची आकृती घासून गुळगुळीत झाली होती. रिव्हर्स डावीकडे वर असणार असा अंदाज केला. तो पहिला गिअर निघाला. उरलेल्या दोऱ्याही गाडीवर आल्या.

"मागं गो, मागं! समुद्रात नेतेस काय!" (तुमच्या काकाचा समुद्र तो एवढाच.)

दुसऱ्या खेपेला रिव्हर्स सापडला. क्लच अर्धा दाबून मी इंच इंच मागे निघाले. एकजण ओरडत होता, "लेफ्ट मार!" दुसरी, "उजवीकडं घे!" कुणीतरी स्कूटर बाजूला ओढली, कुणीतरी खुर्चीवर बसलेले आजोबा खुर्चीसकट आत घेतले. आणि आपले आजोबा! रिक्षावाल्यालाही "जरा थांबता का?" असं विचारणारा हा माणूस टेम्पोच्या मागच्या फळीवर थाप मारत क्लीनरसारखा गर्जत होता, "आन दे! आन दे! आन देऽ!"

हिराबाई सबंध गल्लीभर माझ्या खिडकीशी चालत मला शिव्या घालत होती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, तेव्हा आरशांवर आणि वायपरवर बोंबलांचे हार होते, आणि मागच्या हौद्यात चढून बसलेलं एक मांजर शांतपणे नाश्ता करत होतं. (मांजराचा संबंध एवढाच. पोलीस काकाने पदरचे घातले.)

हिराबाईने गाडीभोवती चक्कर मारली, दोन्ही बाजूंवरून हात फिरवला.

"एक ओरखडा नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "देते गाडी. पण ह्या पोराच्या हातात नाय द्यायची. तू चालवशील तरच."

"मी?"

"मग कोण? तो 'आन दे'वाला? आणि बोंबील पण तुमचेच. भरा मागं."

सुजाता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "चालवीन." या घरात मी दिलेला शब्द मोडत नाही, ही माझी जुनी अडचण आहे.

शनिवारी हँडब्रेक दुरुस्त करून घेतला. रविवारी लग्नाचा हॉल म्हणून मी काठपदराची साडी नेसले, खुर्च्या भरल्या आणि टेम्पो दादरला हॉलच्या मागच्या गेटशी उभा केला.

वॉचमन नम्रपणे म्हणाला, "आजी, पाहुण्यांचं गेट पुढं आहे."

"खुर्च्या आणल्यात. गेट उघडा."

त्याने माझ्यापलीकडे केबिनमध्ये वाकून बघितलं. "बरोबर. पण ड्रायव्हर कुठंय?"

खुर्च्या मुहूर्ताच्या तासभर आधी मांडून झाल्या. मोसम सुजाताला मिळाला. बोंबील आम्ही संपवले, निम्मे शेजाऱ्यांनी. पुढे मिलिंदही गिअर टाकायला शिकला (हिराबाईला कुणी सांगू नका).

गाडी अजून आहे, सुजाताचा धंदाही आहे. इंजिन मूळचं आहे, गिअरबॉक्स मूळचा आहे, क्लच प्लेटसुद्धा तीच आहे. डावा गुडघा तेवढा मला नवा बसवावा लागला.