गेनूच्या खिशातले मणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. अशा हकिकती वाचून मी हसत आलोय. तरी लिहितोय, कारण गप्प राहायचा वीट आलाय... आणि राग तर अजून गेलेलाच नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. लोणावळ्याजवळच्या एका सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग-औषधांना लागणाऱ्या द्रावकांच्या, कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. सॉल्व्हंटमधलं पाणी काढायला एक उंच टॉवर होता, आत मॉलिक्युलर सीव्ह भरलेली — साबुदाण्याएवढे बदामी मणी, पाणी शोषणारे. ताजे मणी ओल्या तळहातावर घेतले की चटका बसतो. एकदा पाणी प्यायले की गार. मग भट्टीत तापवल्याशिवाय कामाचे नाहीत.

त्या दिवशी मणी बदलायचे होते. टॉवरमध्ये नायट्रोजन होता; त्याला वास नाही, आणि त्यात माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. ब्लोअरनं हवा खेळवल्याशिवाय आत माणूस सोडायचा नाही, हा नियम. पण मी शहाण्यानं नव्या मण्यांचे ड्रम आधीच फोडून ठेवलेले, आणि बाहेर जूनचं धुकं! मॅनेजर ओरडला, "इम्पोर्टेड माल आहे, ओल धरेल. उतरव कुणाला तरी!"

जवळच्या औंढे गावचा मजूर गेनू शेजारीच होता; मी त्याला खूण केली. चिमूटभर नवे मणी खिशात टाकत तो हसला, "पोरीला दावतो भाऊ, कसं पोळतंय ते." आणि शिडीनं उतरला. तळाशी पोचला, बसला... उठलाच नाही. हाकसुद्धा मारली नाही.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, "पिऊन आला होता." मी मान डोलावली. माल कोरडा राहावा म्हणून माणूस घालवला, आणि वर त्यालाच दारुडा ठरवला! गेनूला दारूचा वाससुद्धा सोसत नसे.

काही वर्षांनी भर पावसाळ्यात त्याच्या बायकोचा, पारूबाईंचा, निरोप आला. पोरीची सोयरीक मोडली होती. औंढ्याला गेलो, तर त्यांनी दारातच अडवलं.

"बाप पिऊन मेला म्हनत्यात. त्यो प्यायला व्हता का? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

"जुनं झालं आता, पारूबाई..."

"तुमाला जुनं! माज्या दारात रोज नवं हाय."

आत जाऊन त्यांनी गेनूचा शर्ट आणला. मेला तेव्हा अंगात होता तोच, बुरशी धरलेला. खिसा उलटा करून मणी माझ्या ओल्या हातावर ओतले. "आन् ह्ये काय? दारूवरचा चकना?"

हात भाजला. मी ओरडून मणी टाकले. त्यांनी ते वेचून मुठीत धरले. "कुटं पोळतंय? गार हायती." मी बोट लावलं... पुन्हा चटका! मावळातल्या इतक्या पावसाळ्यांत दमट खिशात राहिलेले मणी ते. कधीच मेलेले असायला हवे होते.

"नव्हता प्यायला," माझ्या तोंडून निघालं. "मी उतरवलं त्याला. आणि खोटं बोललो."

पारूबाई रडल्या नाहीत. पावसासाठी डोक्यावर पोतं घेतलं. "हितं नगं. सोयऱ्याच्या दारात चला, तितं बोला."

सोयरे गावातलेच. तिथं चार माणसांसमोर सगळं सांगितलं. मुलाचा बाप म्हणाला, "आन् येवढी वर्सं तोंड शिवलं व्हतं व्हय?"

"त्यांचं ऱ्हाऊ द्या," पारूबाई म्हणाल्या. "आता माज्या पोरीत काय खोट हाय, त्ये सांगा."

"खोट न्हाई, बाई. पर आमी दुसरीकडं शबूद दिला."

"मग मोठ्यानं म्हना, गेनू दारुडा नव्हता."

तो म्हणाला. पारूबाईंनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

मणी मलाच का पोळले, हे आजवर कळलेलं नाही. कारखान्यातल्या जुन्या केमिस्टला विचारलं. म्हणाला, भास. हाताला फोड आले होते, आठवडाभर मलम लावत होतो मी... भासाला मलम लागतं होय?