सड्याखाली गेलेली फक्की

"बाई, इथली चुन्याची फक्की कुठं गेली?" मोजणीवाल्या साहेबानं विचारलं न् मी हातातला खराटा पाठीमागं लपवला. कडेवर लेकरू. काय सांगू? मीच झाडली होती की! झाडली, वर शेणाचा सडा टाकला, रांगोळीबी काढली. मोर काढला व्हता, लई झ्याक.

आदल्या दिशी मी लेकराला डोस द्यायला गेले व्हते. आले तर अंगणात पांढरी रेघ. मला वाटलं, डासाची पावडर मारून गेले. लेकरू रांगतं, माती तोंडात घालतं. म्हनून सकाळी उठल्या उठल्या पार साफ केलं. नव्या रस्त्याची खूण हाय ती, हे मला कोन सांगणार?

"मग नकाशात बघा की सायेब," मी भीत भीत म्हनलं.

त्यानं मोबाईल आडवा धरला, उभा धरला. "नकाशा बदलत असतो हो. फक्की एकच पक्की होती."

ते खरंय. आमचं पडेगावातलं अर्ध्या गुंठ्याचं पत्र्याचं घर पयल्या नकाशात बाग व्हतं. दुसऱ्यात शाळा. आता रस्ता. शहर कुनीकडं वाढंल ते ठरंना, म्हनून आमीच दरसाली येगळं व्हतो, बसल्या जागी.

"तुम्हीच झाडली ना? मग तुम्हीच दाखवा. कुठून गेली होती?"

रेघ माझ्या सैपाकघराच्या भिताडात घुसली व्हती. मी बोट केलं पलीकडच्या मोकळ्या प्लॉटाकडं, तारेचं कुंपन हाय तिकडं.

चुन्याची पाटी धरलेला मानूस फिस्सकन हसला. "तिकडून? वैनी, तो मोठ्या लोकांचा प्लॉट. तिकडून रस्ता जातच नसतो."

बघा, येवढं मात्र कुनालाच नकाशात बघावं लागलं नाय.

मग ऱ्हायलं माझं सैपाकघर, नायतर समोरच्या मावशीचं, खालाचं घर. खाला दारातच उभी व्हती. मी धुनीभांड्याला जाते तवा हे लेकरू तीच सांभाळते. तिनं येऊन लेकरू माझ्या कडेवरून घेतलं न् हळूच म्हनली, "बेटी, सोचके बोल."

माझं बोट वरच. माझ्याकडं केलं तर चूल जाती. तिच्याकडं केलं तर तिचं छप्पर जातं, न् लेकराचा पाळना बी तिच्याच आढ्याला टांगलेला.

"याद नाय सायेब," मी म्हनलं.

सायेब वैतागला. "सोमवारी येतो. तोवर आठवून ठेवा. न् झाडू नका!"

अंगण तसंच पडलंय. मोर पुसत चाललाय. खाला रोज चहा घिऊन येती, काय बी विचारत नाय. उद्या सोमवार.

तुमी असता तर बोट कुनीकडं केलं असतं?